फणसाची फळी, अमृतचे पाय

४ ऑगस्ट २०२४, रविवार

भाजे गावात रंधा धरता येणारा माणूस आता मी एकटाच उरलो आहे. बाकीचे प्लायवूडला गोंद फासतात आणि वर सनमायका चिकटवतात. त्यांना सुतार म्हणायचं असेल, तर पोस्टात तिकिटं चिकटवणाऱ्या बाईलाही म्हणावं लागेल.

मी कुणाचा चेला नाही. मळवलीतल्या बंगल्यांची देखभाल करता करता, मोडलेलं उघडून बघत शिकलो. म्हणून मला 'का' विचारलेलं चालतं, 'असंच करतात' म्हणून सांगितलेलं चालत नाही.

आज तिथल्याच एका बंगल्याच्या मालकांचा पुण्याहून फोन आला. "भिमाजी, दार लागत नाही. तासून टाका." म्हटलं, साहेब, पावसाळा आहे. मावळात या दिवसांत माणसाची हाडंसुद्धा फुगतात, दाराचं काय घेऊन बसलात! आत्ता तासलं तर चैत्रात फटीतून मांजर येईल. तर म्हणाले, "तासा हो तुम्ही." तासून दिलं. शिकलेल्या माणसाला उन्हाळाच शिकवतो.

घरी आलो तर आमच्या बायकोने, नंदाबाईने, विषय काढला. आमच्या पडवीत ती रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी, कोंबडी असं जेवण देते. आत्तापर्यंत पंगत बसायची. आज ती दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, "आवं, वाकून वाढून माझं गुडघं गेलं. दिवाळीनंतर तो ट्रेकवाला दर आयतवारी मान्सं आनतो म्हनलाय. बारा जनांचं टेबल करा, न्हाईतर म्या मांडववाल्याकडनं पल्याष्टिकची आनते."

प्लॅस्टिक. माझ्या पडवीत. मी जिवंत असताना.

११ ऑगस्ट, रविवार

वादळात पडलेला परसातला फणस मी कामशेतच्या वखारीत चिरून आणला होता. त्याच्या दोन फळ्या गोठ्याच्या भिंतीला चार वर्षं उभ्या होत्या. लोक म्हणायचे, जाळून टाका. लोकांना लाकूड म्हटलं की चूलच आठवते.

या आठवड्यात फळ्या काढल्या, कडा मारल्या, दोन्ही जोडल्या. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, दीड इंच जाड. सांध्यावरून नख फिरवलं तरी कळत नाही. रंधा मारल्यावर आतून जो पिवळा रंग निघाला, तो बघून नंदाबाईसुद्धा हातातलं पीठ न झटकता बघत उभी राहिली. मग म्हणाली, "हळदीची नवरीच जनू." मग म्हणाली, "आन् पाय?"

पायांना लाकूड उरलेलं नाही. विकतचं सागवान घेऊन मी फणसाचा अपमान करणार नाही. तिचं म्हणणं, लोखंडी पाय करू, अमृत करून देईल.

अमृत म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लोणावळ्याला रेल्वेत रुळांच्या कामावर आहे आणि सुटीच्या दिवशी मळवलीत शेड टाकून वेल्डिंग करतो. रेल्वेत लागला म्हणून स्वतःला विश्वकर्मा समजतो. त्या परीक्षेला मीही बसलो होतो. पण ती नोकरी मला नकोच होती, म्हणून निकाल बघायला मी गेलो नाही. अमृत जाऊन दोघांचा बघून आला.

मी कागदावर माप काढून दिलं. सुतापर्यंत. इंचाचे आठ सूत होतात, हे अमृतला माहीत असावं अशी आशा आहे.

१९ ऑगस्ट, सोमवार

राखीपौर्णिमा. बहिणीने राखी बांधली, भावाने ओवाळणीत लोखंड घातलं. टेम्पोतून पाय उतरवले आणि म्हणाला, "ताई, दुसऱ्या कुनाच्या भावानं एवढी जड ववाळनी घातली आसंल तर दाखीव!" ती हसली. तिला त्याच्या कुठल्याही विनोदाला हसू येतं.

मी काटकोनाचा गुण्या लावून तपासलं. दोन टोकांना दोन चौकटी, मधून एक आडवा पाइप. प्रत्येक चौकटीवर एक चपटी पट्टी आणि तिच्यात चार भोकं, ज्यातून स्क्रू वर फळीत जाणार. वेल्डिंग ठीक. रंग ठीक. पण चौथा पाय दोन सुतांनी आखूड. मी बोट ठेवून दाखवलं.

"दाजी, जमीन बघा की. तुमची पडवीच तिरकी हाय."

पडवी मी स्वतः केली आहे. तिला पाणसळ लावून दाखवली. तर म्हणे, "मग पानसळ तिरकी आसंल."

त्याहून मोठा आनंद पुढे होता. दोन्ही पट्ट्यांतली आठही भोकं लांबट. गोल भोक पाडता येत नाही, हात घसरतो, हे समजू शकतो. पण हा काय म्हणाला? "लांबट ठिवलीत. मुद्दाम. फळीला हलायला जागा पायजे, दाजी."

"फळी हलायला ती काय बैल आहे?"

"रुळाच्या सांध्यालापन आमी जागा ठिवतो. उन्हाळ्यात रूळ वाढतो, थंडीत आकसतो. लोखंडाची ही गत, तर मग फनसाचं काय!"

मी म्हणालो, "अमृत, रुळावरून गाडी जाते. टेबलावरून भाकरी जाते." त्याने खिशातून स्क्रूखाली घालायच्या रुंद वायसरांची पुडी काढून फळीवर ठेवली आणि जेवायला बसला. चार पुरणपोळ्या खाल्ल्या.

चूक झाली की 'मुद्दाम' म्हणायचं, ही सरकारी नोकरीतली जुनी युक्ती आहे.

२२ ऑगस्ट, गुरुवार

भोकांचा निकाल लावला. आठही लांबट भोकं पुट्टीने बुजवली, घासली, वरून काळा रंग मारला. आता अमृतलासुद्धा सापडणार नाहीत. त्यांच्या शेजारी, कोऱ्या लोखंडात, नवी आठ गोल भोकं पाडली. स्क्रू जाईल, पण वाराही बरोबर जाणार नाही, इतकी नेमकी. पान्याने आवळायचे जाड स्क्रू घेतले आणि फळी अशी घट्ट बसवली की टेबलाला हात लावला तर दगडाला लावल्यासारखं वाटतं. लोखंडाने एकदा धरलं की लाकूड जातंय कुठे? चौथ्या पायाखाली रबराची चकती घातली.

नंदाबाई बाजूला उभी होती. "अमृत जागा ठिवा म्हनला व्हता ना?"

म्हटलं, तुझा भाऊ रुळावर जन्मला आहे, मी लाकडात.

ती वायसरांची पुडी उचलून आत घेऊन गेली. तिला मोकळ्या डब्या, पुड्या जपून ठेवायची खोड आहे.

एक गोष्ट लिहून ठेवतो. स्क्रू शेवटचा आवळताना फळीने हलकासा आवाज केला. करकर म्हणता येणार नाही. हुंकार म्हणता येईल. मनात शंका आली, फार आवळतोय का? मग म्हटलं, ढिलं काम करायला काय मी रेल्वेत आहे?

२९ सप्टेंबर, रविवार

टेबलावर पहिली मोठी पंगत. पंगत म्हणायचं नाही आता. पुण्याहून आलेल्या बायकांचा गट, विसापूर उतरून आलेला. एकीने टेबलावर हात फिरवून विचारलं, "हे कुठून आणलं?" नंदाबाई म्हणाली, "आमच्या मालकांनी केलंय." मी चुलीपाशी लाकडं रचत होतो. उगाचच दोनदा रचली.

त्या बाईने पुढे विचारलं, "यूट्यूबवर बघून?" शहरातल्या माणसाचं कौतुक असंच असतं. वरण चांगलं झालंय म्हणतील आणि पाकीट कुठलं ते विचारतील.

नंदाबाई आज उभ्याने वाढत होती. सरळ पाठीने. दुपारी गुडघ्यांना तेल लावायला बसली नाही, परसात भेंडी तोडायला गेली.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. अमृत आला. जेवून झाल्यावर टेबलाखाली हात घातला आणि पट्टीवरून बोटं फिरवत राहिला. मग वाकून बघितलं. उठला तेव्हा तोंडावर हसू.

"दाजी, पुट्टी लय झकास मारलीय. पार गुळगुळीत."

"माझं काम गुळगुळीतच असतं."

"व्हय, व्हय. उन्हाळ्यात फोन करा."

"कशाला?"

"सहज. ख्यालीखुशाली."

नंदाबाईने त्याला दटावलं, "आमऱ्या, गप ऱ्हा." पण ती माझ्याकडे न बघता दटावत होती.

टेबल हल्ली किंचित डुगडुगतं. कारण उघड आहे. चौथा पाय. रबराची चकती बदलून जाड घातली.

८ डिसेंबर, रविवार

ट्रेकवाला स्वराज आता दर रविवारी माणसं आणतो. तिशीतला पोरगेला माणूस, दाढी राखलेली, बोलताना प्रत्येक गोष्टीला 'एक नंबर' म्हणतो. पण शब्दाला पक्का आहे. आज नंदाबाईला म्हणाला, "मावशी, सव्वीस जानेवारीला मोठी बॅच आहे. ती नीट झाली तर पुढच्या वर्षभराचं जेवण तुमच्याकडेच." नंदाबाईने ते मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना आवाज बारीक झाला होता.

थंडी कोरडी पडली आहे. ओठ फुटतात. टेबलाच्या एका टोकाला केसाएवढी रेघ दिसली. सांध्यात नाही, सांध्याच्या बाजूला. फणसाचाच भुस्सा गोंदात कालवून भरली. कुणाला दिसणार नाही. स्क्रूही जरा मोकळे वाटले, म्हणून सगळे पान्याने अर्धा अर्धा आटा आवळून घेतले. आता रोज सकाळी चहाआधी एक फेरी मारतो. वस्तू टिकवायची तर शिस्त लागते, हे आजकाल कुणाला सांगणार?

नंदाबाई सकाळी विचारत होती, "रोज रोज काय आवळताय त्याला? बिचाऱ्याला श्वास तर घ्यू द्या." टेबलाला श्वास! भाऊ तसा बहीण.

१२ जानेवारी २०२५, रविवार

रेघ परत आली. आता दोन्ही टोकांना. परत भरली. परत आवळलं. फळी मधून थोडी वर उचलल्यासारखी वाटते, पण तो पडवीतल्या उजेडाचा भास असावा. मोजायची सरळ पट्टी लावून बघितलं नाही. बघायची गरज वाटली नाही.

खरं लिहायचं तर बघायचं नव्हतं.

२६ जानेवारी, रविवार

आज लिहायचं नव्हतं. पण चांगल्या दिवसांचं तेवढं लिहायचं, ही नेत्यांची रीत.

बारा टेबलावर, बारा पडवीच्या कठड्यावर खोळंबलेले. नंदाबाईने कोंबडीचं पातेलं मधोमध ठेवलं. स्वराज म्हणत होता, "बघा, टेबल एक नंबर आहे, अख्खा फणस आहे हा." आणि फाट्! गावच्या जत्रेत सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज. एक मुलगी किंचाळून उठली. फळी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडली. कालवण फटीतून सरळ खाली, एका पोराच्या पँटवर. पोळला नाही, नशीब. पातेलं तिरकं झालेलं नंदाबाईने नुसत्या हाताने धरलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात ताकाचा तांब्या होता.

पहिल्यांदा नंदाबाई हलली. "उठा लेकरांनो, आतनं बसायच्या पट्ट्या आना. खाली बसा. आज गावाकडची पंगत!" दोन मिनिटांत चोवीस जण जमिनीवर. मांडी घालता न येणारे भिंतीला टेकून. फोटो काढायला लागले. म्हणे, 'ऑथेंटिक'. जमिनीवर बसायला पुण्याहून इतक्या लांब यायचं! यांच्या घरी जमीन नसते का?

ती वाकून वाढत होती. चोवीस पानं. भाकरी, कालवण, परत भाकरी, परत कालवण. तिसऱ्या फेरीला कठड्याला धरून उभी राहिली आणि एकाला म्हणाली, "काय न्हाई रं, पायाला मुंग्या आल्यात." मी तांब्या ठेवून भाकरीची टोपली घेतली. मला वाढता येत नाही. दोघांच्या पानात चटणीवरच भाकरी ठेवली.

स्वराज जाताना म्हणाला, "मावशी, जेवण एक नंबर. पण दर रविवारी खाली बसवता येणार नाही, वयस्कर लोकही असतात. टेबलाचं बघा. नाहीतर मला पवनानगरला बघावं लागेल."

फट मोजली. मधोमध तीन सूत. माझा सांधा मात्र शाबूत आहे. लाकूड फाटलं, सांधा नाही. हे इथे नोंदवून ठेवतो, कारण दुसरं कुणी नोंदवणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

स्वराजने फक्त तरुण पोरं आणली. पंगत. नंदाबाई कालपासून गुडघ्यांना निरगुडीचा पाला बांधते आहे. जिना चढताना, मला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पदर धरते. मला सगळं ऐकू येतं.

दुपारी म्हणाली, "मांडववाला झुबेरभाई म्हनला, पल्याष्टिकची टेबलं आजच्या आज पाठवतो."

मी म्हणालो, "आठ दिवस थांब."

"आन् आठ दिसांनी?"

"आठ दिवस थांब म्हणालो ना."

तिने गुडघ्यावरचा पाला सारखा केला. मग म्हणाली, "बरं. पन आवं, फळी पालथी घालायला दोन मान्सं लागतात. येकट्यानं करू नगा, कंबर जाईल. तुमची कंबर आन् माझं गुडघं, मग जेवन काय आमच्या म्हशी वाढनार?"

९ फेब्रुवारी, रविवार

अमृत आला होता. मी बोलावला नाही. तो म्हणाला, सहज आलो. मळवलीहून भाज्याला सकाळी सातला सहज कुणी येत नाही, पण मी वाद घातला नाही. मला फळीच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस हवा होता. माणूस कसला आहे याने फळीला फरक पडत नाही.

पालथी घातली. स्क्रू काढायला पाना लावला, तर पहिला स्क्रू सुटताना बंदुकीसारखा वाजला. दुसरा वाकलेला निघाला. अमृत तो हातात घेऊन उजेडात धरत म्हणाला, "बिचारा. किती वढत आसंल यान्ला फनस!" मी त्याच्या हातून काढून घेतला.

सगळे काढल्यावर फट आपोआप निम्मी मिटली. कुणी दाबली नाही, ढकलली नाही. नुसती सोडल्याबरोबर. मी थोडा वेळ खाली बसलो. पाणी प्यायलो.

मग गोंद भरून दोऱ्या आणि पाचरी मारून उरलेली फट आवळली. तिथे आवळायचंच असतं. ती वाळत ठेवून लोखंडी पट्ट्यांवरची पुट्टी किकऱ्याच्या धारेने खरवडायला घेतली. फार चांगली बसली होती पुट्टी. अख्खी दुपार गेली. एकेक लांबट भोक बाहेर आलं. आठही एकाच मापाची. आठही आडवी, फळीच्या रुंदीच्या दिशेने. कडा कानशीने मारलेल्या, बोटाला लागू नयेत म्हणून.

मी म्हणालो, "आठ वेळा हात घसरला तरी सारखाच घसरला तुझा."

"नशीब, दाजी."

तो इतकंच म्हणाला. मी पुढच्या वाक्याची वाट बघत होतो, म्हणजे मला उत्तर देता आलं असतं. ते आलं नाही. भावाबहिणीत काहीतरी बोलणं झालेलं असणार.

लांबट भोकावर रुंद वायसर लागतात, नाहीतर स्क्रूचं डोकं आत जातं. मी लोणावळ्याला जायला सदरा चढवत होतो. नंदाबाईने स्वयंपाकघरातल्या फळीवरची साखरेची बरणी काढली, तिच्यामागून पुडी काढली आणि माझ्या हातात ठेवली. राखीपौर्णिमेची पुडी. दोरा तसाच गुंडाळलेला.

"तुला काय माहीत होतं का?" मी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं! टाकवंना म्हनून ठिवली."

१३ एप्रिल, रविवार

पुण्याच्या मालकांचा फोन. दाराखालून खरोखर मांजर आत गेलं आणि सोफ्यावर व्यायलं. तीन पिल्लं. मला विचारतात, "असं कसं झालं?" मी त्यांना नीट समजावून सांगितलं. साहेब, लाकूड हे मेलं तरी जिवंत असतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. त्याला हलायला जागा ठेवावी लागते. जागा दिली नाही तर ते स्वतः करून घेतं. म्हणाले, "हे आधी सांगायचं ना!" सांगितलं होतं. ऐकायला पैसेवाल्यांना वेळ नसतो.

फोन ठेवला तेव्हा नंदाबाई भाकऱ्या थापत होती. तिने तोंडावर पदर धरला. गुडघे बरे आहेत हल्ली, तर मग पदर कशाला, कळलं नाही.

स्वराज दर रविवारी येतो. टेबलावर जोडलेल्या फटीची बारीक रेघ राहिली आहे. लोकांना ती आवडते, तिचे फोटो काढतात. मला आवडत नाही.

१३ जुलै, रविवार

चार वाजता माणसं पांगल्यावर मी टेबलाखाली उताणा पडलो होतो. स्क्रू बघायला. उन्हाळ्यात ते भोकांत आतल्या बाजूला सरकले होते. आता पावसाळ्यात परत बाहेर आले आहेत. जिथून वायसर सरकला तिथे काळा रंग घासून लोखंड चमकतं आहे, जवळपास दीड सूत. कुणी न सांगता, न ढकलता एवढी मोठी फळी जाऊन परत आली. हातात पाना होता. सवयीने घेतला होता.

तेवढ्यात कठड्यापाशी अमृतच्या चपला दिसल्या. मग तोच वाकला.

"दाजी, काय बघताय?"

"काही नाही."

तोही आडवा झाला. पोट मोठं झालंय त्याचं, टेबलाखाली बळेच मावला. दोघं वर बघत होतो. पडवीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. आतून नंदाबाई ओरडली, "चहा टाकलाय, दोगंबी बाहीर या. लहान प्वारं हायसा का?"

अमृतने चमकणाऱ्या जागेवर बोट ठेवलं, पण बोलला नाही. त्याने बोलायला हवं होतं. गेल्या ऑगस्टपासून तो हेच बोलायची वाट बघत असणार. मी असतो तर बोललो असतो.

मग मीच म्हणालो. "भोकं ठीक आहेत."

"व्हय?"

"हो. पण चौथा पाय दोन सुतांनी आखूड आहे. तो अजूनही आखूडच आहे."

"आखूड हाय, दाजी," तो म्हणाला. "तिथं मातुर हात घसरला."

पाना मी खोक्यात ठेवून दिला. चहात साखर जास्त झाली होती.